दीड दिवसाचे शहर

मराठीत प्रवासवर्णने उदंड होत आहेत. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि लेखकाने पदरमोड करून काढलेल्या पुस्तकांतून ती येत असतात. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक साताऱ्यात शिकवणारा, एक सांगलीत शिकवणारी. त्यामुळे यांतली बरीच पुस्तके परीक्षणासाठी, प्रस्तावनेसाठी किंवा नुसती 'अभिप्रायासाठी' आमच्या हाती पडतात. या पुस्तकांत एक शहर आम्हांला वारंवार भेटले आहे : चीनमधले शिआन, म्हणजे प्राचीन छांगआन. त्या शहराला आमच्या लेखकांनी दिलेला वेळ ठरलेला असतो, दीड दिवस. त्या दीड दिवसातून निघणारे प्रकरणही ठरलेले असते. या ठरलेपणाविरुद्ध हा लेख आहे.

प्रकरणाचा साचा पाहा. सकाळी विमान किंवा वेगवान रेल्वे. बाहेर हातात झेंडी घेऊन उभा असलेला स्थानिक गाइड. त्याचे चिनी नाव आपल्या जिभेवर बसत नाही म्हणून त्याने सांगितलेले सोपे इंग्रजी नाव. त्यावर एक विनोद. मग मातीच्या सैनिकांचे संग्रहालय आणि 'डोळ्यांचे पारणे फिटले'. वाटेत जेडच्या वस्तूंचे दुकान आणि तिथली घासाघीस. जेवायला भारतीय उपाहारगृह आणि परदेशात वरणभात मिळाल्याचा आनंद, जो पान-दीड पान टिकतो. दुपारी शहराचा तट, संध्याकाळी थांग काळातल्या नृत्याचा खेळ, आणि हंस पॅगोडा बसच्या खिडकीतून. शेवटी एक परिच्छेद : चिनी माणूस किती शिस्तीचा, रस्ते किती स्वच्छ, आणि आपण कुठे आहोत! या शेवटच्या परिच्छेदात शिआनच्या जागी सिंगापूर घातले तरी बाकीचे एक अक्षर बदलावे लागत नाही.

येथेच एक खुलासा करायला हवा, कारण विपर्यासाची शक्यता मोठी आहे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्या प्रवाशांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ही माणसे आमच्याच आळीतली आहेत : निवृत्त शिक्षिका, सहकारी बँकेतले कर्मचारी, साखर कारखान्यातले हिशेबनीस, तासगावकडचे द्राक्षबागाईतदार. आयुष्यभर मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांत अडकलेल्या माणसाने भविष्यनिर्वाह निधीतले दोन पैसे काढून जग पाहावे, भाषा येत नाही म्हणून कोणाचा तरी हात धरावा, पोटाला सोसेल तेच खावे, यात कमीपणा कसला? एकट्याने पाठीवर पिशवी टाकून हिंडणारा तेवढा खरा प्रवासी आणि झेंडीमागून चालणारे ते मेंढरू, ही प्रतवारी आम्हांला मान्य नाही. ती बहुधा ज्यांच्याकडे वेळ, तब्येत आणि इंग्रजी आहे त्यांनी केलेली असते.

आमचे भांडण सुरू होते ते या सहलीचे पुस्तक होते तेव्हा, आणि ते मुख्यतः लेखकाशीही नाही. ते आहे त्या पुस्तकावर 'ओघवती शैली', 'चित्रदर्शी लेखन', 'घरबसल्या चीनची सफर' असे शिक्के मारणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंशी : प्रस्तावनाकारांशी, प्रकाशन समारंभाच्या अध्यक्षांशी, पुरस्कार समित्यांशी आणि प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवणाऱ्या आम्हां सर्वांच्या वर्गाशी. 'घरबसल्या सफर' ही स्तुती आहे असे आम्हांला वाटते, यातच सगळे आले. वाचकाला घरी बसवून ठेवणे हे प्रवासवर्णनाचे काम केव्हापासून झाले?

आरोप मोघम राहू नये म्हणून तीन वाक्ये घेऊ. ती कोणा एका पुस्तकातली नाहीत. बहुतेक पुस्तकांत थोड्या फरकाने येणाऱ्या वाक्यांवरून आम्हीच बेतलेली आहेत.

पहिले : 'याच तटावरून ह्युएन त्संगाने मायदेशाचा निरोप घेतला असेल या कल्पनेने अंगावर रोमांच उभे राहिले.' रोमांच उभे राहण्याआधी एक तारीख पाहायला हवी होती. शिआनचा आज दिसणारा तट मिंग राजवटीतला आहे. त्याचे काम १३७० च्या दशकात झाले आणि अलीकडे, १९८० च्या दशकात, त्याची मोठी दुरुस्ती झाली. ह्युएन त्संग निघाला तो सातव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. मधे सात शतके गेली. थांग राजवटीचे छांगआन सुमारे ८४ चौरस किलोमीटरांचे होते. मिंग तटाचा घेर जेमतेम १४ किलोमीटर. ह्युएन त्संगाने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला मोठा हंस पॅगोडा आज तटाबाहेर, दक्षिणेला उभा आहे. बांधला तेव्हा तो शहराच्या आत होता. तट आणि पॅगोडा या दोन ठिपक्यांमधले अंतर नकाशावर नुसते पाहिले असते, तरी जगातले एक सर्वांत मोठे शहर आकसून केवढेसे झाले याची गोष्ट हाती लागली असती. जी बस तटावरून पॅगोड्याकडे गेली, तिने लेखकाला नेमका हाच इतिहास ओलांडून नेले. लेखक त्या वेळी खिडकीतून पॅगोड्याचा फोटो काढत होता.

दुसरे वाक्य : 'ही मशीद आहे असे वाटतच नाही!' शिआनची मोठी मशीद मुस्लिम वस्तीत आहे. तिची आजची घडण बव्हंशी मिंग काळापासूनची. उतरती कौलारू छपरे, एकामागून एक अंगणे, आणि मिनाराच्या जागी पॅगोड्यासारखा मजल्यांचा मनोरा. आमचा लेखक उद्गारचिन्ह देऊन पुढच्या गल्लीत खरेदीला जातो. आता कल्पना करा की हा लेखक मिरजेचा आहे. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्ररात्र गाणे होते, त्याला सर्व जातिधर्मांची माणसे बसतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. एक धर्म दूरच्या मुलखात जातो तेव्हा तिथली लाकडे, तिथली कौले, तिथले सूर घेऊन राहतो, हे त्याला कोणी शिकवायला नको. शिआनच्या त्या अंगणात उभे राहून 'ही मशीदच आहे, आणि अशीच असते' असे म्हणण्याचा अधिकार जगातल्या मोजक्या शहरांतल्या माणसांना आहे, त्यांत मिरजेचा माणूस बसतो. पण लेखणी हाती घेताच तो मिरजेचा राहत नाही. तो 'भारतीय पर्यटक' होतो आणि चकित होतो.

तिसरे वाक्य : '१९७४ साली शेतकऱ्यांना विहीर खणताना हे सैनिक सापडले आणि त्या गावाचे भाग्य उजळले.' पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा गाइडने सांगितला आहे. भाग्य कोणाचे उजळले? ज्यांच्या शेतात ते खड्डे निघाले त्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले? मोबदला मिळाला का, घरे हलली का? हे विचारायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. सातारा जिल्ह्यात राहत असणे पुरते. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षे उलटली तरी पुरते मिटलेले नाहीत. मोठ्या कामासाठी जमीन गेली की पहिला प्रश्न 'कोणाची?' हा असतो, हे पाटण आणि जावळीच्या माणसाला ठाऊक आहे. तो प्रश्न लिंथोंगच्या शेतात सुचत नाही, कारण तो सामानात भरलेलाच नसतो. सामानात शेंगदाण्याची चटणी असते, दशम्या असतात, मेतकूट असते. आमचा माणूस परदेशी जाताना गाव डब्यात नेतो, नजरेत नेत नाही.

या तिन्ही वाक्यांत समान काय आहे? ती तिन्ही गाइडकडून आलेली आहेत किंवा गाइडने जिथे थांबवले तिथून सुचलेली आहेत. यात गाइडचा दोष नाही. तीस-पस्तीस माणसांना ऊन, तहान आणि स्वच्छतागृह सांभाळून दोन तासांत बावीसशे वर्षे दाखवायची म्हणजे वाक्ये गुळगुळीतच लागतात. दोष आहे तो हे वाक्य स्वतःच्या नावावर छापण्याचा. परीक्षेत हेच विद्यार्थ्याने केले तर आम्ही तांबड्या शाईने लिहितो : 'मार्गदर्शकातून उतरवले आहे'. पुस्तकात तेच झाले की आम्हीच 'ओघवती शैली' म्हणतो.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की दीड दिवसात याहून जास्त काय होणार? वेळ थोडा, भाषा येत नाही, कार्यक्रम दुसऱ्याने आखलेला. मीना प्रभूंचे 'चिनी माती' स्वतः आखलेल्या प्रवासातून आले. सर्वांना ते कसे जमावे? आक्षेप वरवर रास्त आहे. त्याला सांगली जिल्ह्यातूनच उत्तर मिळते.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. त्यांची शाळा दीड दिवसाची, ही गोष्ट महाराष्ट्रात आख्यायिकेसारखी सांगितली जाते. हा प्रवासही काही मुक्त भ्रमंती नव्हता. पाहुणे म्हणून जाणे, दुभाष्याच्या तोंडून ऐकणे, यजमान दाखवतील ते पाहणे, म्हणजे आजच्या भाषेत ती 'गाइडेड टूर'च. मग तिचे पुस्तक का झाले? कारण अण्णाभाऊ विमानात बसण्याच्या कितीतरी आधीपासून रशियाशी बोलत होते. युद्धाच्या काळातच त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. वाटेगावच्या मांगवाड्यातून आणि घाटकोपरच्या चिरागनगरातून एक माणूस एकच गोष्ट पाहायला निघाला होता : गरिबाला माणूस म्हणून जगता येईल असा मुलूख खरोखर आहे का? त्यांनी दाखवले तेच पाहिले, भक्ताच्या डोळ्यांनी पाहिले, अशी टीका त्या पुस्तकावर करता येते, आणि ती करावीच. पण ती करता येते याचे कारण त्या पुस्तकात एक माणूस उभा आहे, त्याची बाजू आहे. आमच्या शिआनच्या प्रकरणांवर एवढी टीकाही करता येत नाही. तिथे चुकायलाही कोणी हजर नसते.

म्हणजे वेळ आणि गाइड यांवर खापर फोडून चालणार नाही. दुसरी साक्ष खुद्द छांगआनची आहे. ह्युएन त्संग बादशहाची परवानगी नसताना त्या शहरातून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. या दीर्घ प्रवासात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला त्याचा मजकूर थोडाच आहे. पण त्यात जमीन कशी, हवा कशी, माणसे कशी, राजा कोण, मठ किती, हे क्रमाने येते. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. हरलेल्या सेनापतीला बायकांची वस्त्रे देतात. लढाईआधी हत्तींना मद्य पाजतात. पुलकेशीला हर्षासारख्या सम्राटालाही नमवता आले नाही. शंभरावर संघाराम, पाच हजारांच्या आसपास भिक्षू. पूर्वेकडच्या डोंगरातल्या ज्या लेण्यांचे वर्णन तो करतो ती अजिंठ्याची, असे अभ्यासक मानतात. यातले काही त्याने पाहिले असेल, काही ऐकले असेल. ऐहोळेचा ६३४ चा शिलालेख राजाच्या पदरच्या रविकीर्तीने लिहिला. त्याच राज्याकडे बाहेरच्या माणसाने पाहिले ते असे. आमच्या पूर्वजांना आरसा दाखवणारा हा मजकूर एका प्रवाशाने लिहिला, आणि तो प्रवासी ज्या शहरातून निघाला त्या शहराविषयी आमचे लेखक काय लिहितात? की तिथे वरणभात मिळाला.

पाहुण्याने आपल्या घराविषयी चौदाशे वर्षे टिकेल असे लिहावे आणि परतभेटीला गेलेल्या यजमानाने त्याच्या घरचे फक्त जेवण आणि रस्ते आठवावेत, हा आमच्या मते साध्या शिष्टाचाराचाही भंग आहे.

आता चीन सोडून घराकडे वळू, कारण रोगाचे मूळ घरी आहे. साताऱ्याहून सांगलीला निघाले की वाटेत कराड लागते. बहुतेकांना ते एस.टी. बदलण्याचे ठिकाण म्हणून माहीत असते, फार तर कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम म्हणून. या गावाचे जुने नाव करहाटक. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या एका बांधकामाला, दान देणाऱ्यांच्या लेखांत 'करहकट' हे नाव आढळते आणि ते याच कराडचे मानले जाते. पहिला चिनी सम्राट इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. याचा अर्थ, ते मातीचे सैनिक पुरले गेले त्यानंतर शतकभराच्या अंतराने कराडकर शेकडो कोस दूरच्या स्तूपाला देणगी देण्याइतके हिंडतेफिरते आणि सधन होते. कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठावर बौद्ध लेणी आहेत. बहुतेक साधी, शिल्पांचा थाट नसलेली. अकराव्या शतकात काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या बिल्हणाने 'विक्रमांकदेवचरिता'त कराडच्या शिलाहार राजकन्येचे, चंद्रलेखेचे, स्वयंवर रंगवले. दूरच्या माणसाला कराडवर महाकाव्याचे सर्ग लिहावेसे वाटले. जवळच्या माणसाला तिथे बस बदलायची असते.

आमच्या शैक्षणिक सहलीही याच वळणाच्या आहेत. पहाटे निघून एका दिवसात प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी आणि परतताना वाई. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथल्या देवळात वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. त्या एका घंटेत समुद्र, किल्ला, धर्म आणि पेशवाई असे सगळे आहे. मुलांना आठवते ते तिथे 'स्वदेस'चे चित्रीकरण झाले होते एवढेच, कारण सांगणाऱ्याने तेच सांगितले. ज्या वाईत विश्वकोशाचे काम पिढ्यान् पिढ्या चालले, त्या वाईतून मुले पेढे घेऊन परततात. दीड दिवसाच्या शिआनची तालीम इथे, अर्ध्या दिवसाच्या वाईत होते.

या सगळ्याची किंमत कोण देते? काही वर्षांपूर्वी कराडच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने आगाशिवाच्या लेण्यांवर लिहिले होते. पावसाळ्यात शेळ्या तिथे निवाऱ्याला बसतात, म्हणून त्याचा डोंगराशी संबंध. त्याने लिहिले होते की भिक्षूंची निजायची ओटी आणि शेळ्यांची बसायची जागा एकच आहे, आणि दोघांनाही पावसानेच आत आणले. वर्षावासाविषयी इतके नेमके वाक्य आम्ही क्वचित वाचले आहे. एका स्पर्धेत परीक्षकांनी तो लेख बाजूला ठेवला. शेरा होता : 'प्रवासवर्णन नव्हे, स्थानिक माहिती'. पहिला क्रमांक परदेश सहलीवरच्या लेखाला गेला. त्या मुलाने त्यातून घेतलेला धडा सरळ आहे : तुझ्याकडे पारपत्र नाही, तेव्हा तुझ्याकडे प्रवास नाही. आमच्या वर्गात बसणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींकडे पारपत्र नसते. वाङ्मयप्रकाराची व्याख्या विमानतळापासून सुरू केली, तर या मुलांना आपण साहित्याच्या दाराबाहेर उभे करतो. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी हिमालयावर लिहिले आणि माहुलीच्या कृष्णेवरही त्याच ओढीने लिहिले. माहुली साताऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते लेखन स्थानिक माहिती होते काय?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि व्यवहार्य आहेत. परदेश सहलीवरच्या पुस्तकाला प्रस्तावना देण्यापूर्वी लेखकाला तीन प्रश्न विचारावेत : तिथे किती वेळ होतात, कोणी दाखवले, आणि काय पाहायचे राहिले. उत्तरे पुस्तकातच छापावीत. 'दीड दिवस होतो, बसमधून पाहिले, तटाची तारीख घरी आल्यावर शोधली' असे लिहिणाऱ्या लेखकाचा आम्ही आदरच करू. त्याचे पुस्तक तिथून सुरू होईल. प्रवासवर्णन शिकवताना पहिला स्वाध्याय स्वतःच्या तालुक्यावर असावा, आणि त्यासोबत ह्युएन त्संगाचा महाराष्ट्रावरचा मजकूर वाचायला द्यावा, म्हणजे परका माणूस आपल्याकडे कसा पाहतो ते कळून परक्याकडे कसे पाहावे हे उमगेल. पुरस्कार समित्यांनी देशांची संख्या मोजणे बंद करावे. आणि जाणाऱ्याने जाताना आपल्या गावचा एक प्रश्न बरोबर न्यावा. पाण्याचा, जमिनीचा, देवळाचा, गाण्याचा, कोणताही. त्याला विमान कंपनी वजनाचे पैसे लावत नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर, प्रस्तावनेसाठी येणाऱ्या पुढच्या हस्तलिखिताला आम्ही हे तीन प्रश्न विचारणार आहोत. उत्तरे नसतील तर प्रस्तावना मिळणार नाही. चहा मात्र जरूर मिळेल, आणि वेळ असेल तर आम्ही लेखकाबरोबर आगाशिवावर चढूनही येऊ.